अफजलपूर-गाणगापूर-कलबुर्गी : मोजक्या पैशांत चार दिवसांचा प्रवास

गोमंतकातील दत्तभक्तांच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह सुरू झाला की एका गावाचे नाव वारंवार कानी पडते. ते गाव म्हणजे गाणगापूर. साखळीच्या दत्तमंदिरात नित्यनेमाने जाणाऱ्या अनेकांच्या मनात गाणगापूरला एकदा तरी जाऊन यावे अशी इच्छा असते. परंतु खर्च, अंतर आणि अनोळखी भाषा या तीन कारणांनी ती वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. हे तीर्थक्षेत्र कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. सरकारी दप्तरात त्याची नोंद 'देवल गाणगापूर' अशी आढळते. मोठे हॉटेल, भाड्याची मोटार आणि मार्गदर्शक यांवाचूनही चार दिवसांत अफजलपूर तालुका आणि कलबुर्गी शहर नीट पाहता येते. कारण हा मुलूख मुळात पायी आणि रिकाम्या खिशाने येणाऱ्या यात्रेकरूंना सामावून घेत वाढला आहे. येथे पैसा बहुधा दोनच कारणांनी वाया जातो : घाई आणि आधी दर न विचारणे.

प्रदेशाची ओळख

अफजलपूर हे भीमा नदीच्या खोऱ्यातील तालुक्याचे गाव. पश्चिमेस विजयपूर जिल्हा, वायव्येस सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट आणि पूर्वेस साधारण साठ किलोमीटरवर कलबुर्गी शहर असे त्याचे स्थान आहे. हा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. गुलबर्गा शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे कलबुर्गी झाले आणि २०१९ पासून या विभागाला 'कल्याण कर्नाटक' म्हटले जाते. या इतिहासामुळे येथील बाजारात कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा ऐकू येतात. गाणगापुरात तर महाराष्ट्रातून येणाऱ्या भाविकांमुळे मराठीवर सहज भागते. खेड्यांत आणि बसमध्ये मात्र कन्नडचे चार शब्द उपयोगी पडतात.

जाण्याचा मार्ग

गोव्यातून काटकसरीने जायचे तर मार्ग टप्प्याटप्प्याचा आहे. पणजी किंवा फोंड्याहून बेळगाव, बेळगावहून विजयपूर आणि तेथून अफजलपूर. पणजी-बेळगाव मार्गावर कदंब महामंडळाच्या तसेच कर्नाटकच्या वायव्य विभागाच्या बसगाड्या धावतात. बेळगाव ते विजयपूर हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, तर विजयपूर ते अफजलपूर शंभरच्या आसपास आहे. एकाच दिवसात हे सारे अंतर कापण्याचा हट्ट धरला तर रात्री उशिरा अनोळखी गावी उतरावे लागते आणि मिळेल त्या दराने खोली घ्यावी लागते. त्यापेक्षा पहिला मुक्काम विजयपुरातच करावा.

रेल्वेने जायचे झाल्यास सोलापूर-वाडी मार्गावरील 'गाणगापूर रोड' हे स्थानक जवळचे. नावावरून फसू नये. स्थानकापासून मंदिर सुमारे वीस किलोमीटर दूर आहे. शिवाय प्रत्येक एक्स्प्रेस येथे थांबत नाही. तिकीट काढण्यापूर्वी थांबा पडताळून पाहावा, अन्यथा कलबुर्गीला उतरून चाळीसेक किलोमीटर बसने मागे यावे लागते. रात्री या छोट्या स्थानकावर उतरणे टाळावे. त्या वेळी सरकारी बस मिळण्याची शाश्वती नसते आणि एकट्या कुटुंबासाठी केलेल्या रिक्षाचे भाडे रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त भरते.

कर्नाटकातील सरकारी बसमध्ये महिलांना ११ जून २०२३ पासून मोफत प्रवासाची 'शक्ती' योजना लागू आहे. ती त्या राज्यात राहणाऱ्या महिलांसाठीच आहे. गोव्यातील महिलांनी खर्चाचा अंदाज पूर्ण तिकीट धरूनच करावा. या योजनेमुळे बसगाड्यांना गर्दीही असते. म्हणून बस जेथून सुटते त्या स्थानकावरच चढावे, वाटेत चढल्यास जागा मिळणे कठीण.

पहिला टप्पा : विजयपूर

बस बदलण्यासाठी थांबावे लागतेच, तर त्या थांब्याचा उपयोग करून घ्यावा. मुहम्मद आदिलशाहाची कबर असलेला गोलघुमट विजयपुरातच आहे. हा सुलतान १६५६ मध्ये निधन पावला. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर असून आतील सज्जात हळू उच्चारलेला शब्दही समोरच्या बाजूस ऐकू जातो. गर्दी वाढली की तेथे आरडाओरड्याखेरीज काही ऐकू येत नाही. म्हणून दार उघडताच पोहोचावे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना विनामूल्य प्रवेश असतो. सामान लॉजवरच ठेवून सकाळी पाहणी करावी आणि दुपारच्या आत अफजलपूरची वाट धरावी.

अफजलपूर : मुक्कामाचे नव्हे, सोयीचे गाव

अफजलपुरात पाहण्यासारख्या भव्य वास्तू नाहीत. या गावाचा उपयोग वेगळा आहे. बसस्थानक, बाजारपेठ, औषधांची दुकाने, बँका असे तालुक्याच्या ठिकाणचे सारे येथे मिळते. गाणगापूरला पंचवीसेक किलोमीटर पुढे जाण्यापूर्वी रोख रक्कम, औषधे, मुलांचा खाऊ आणि फळे येथेच घ्यावीत. तीर्थक्षेत्री मंदिराच्या वाटेवरील दुकानांपेक्षा तालुक्याच्या बाजारात साध्या वस्तू स्वस्त पडतात, हा सर्वत्र येणारा अनुभव येथेही लागू आहे.

तालुक्यातच भीमेच्या काठी घत्तरगी येथे भाग्यवंती देवीचे प्रसिद्ध मंदिर आहे. वेळ हाताशी असेल तर अर्धा दिवस काढून ते पाहता येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला मात्र तेथे मोठी गर्दी असते.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. भीमेवर वरच्या बाजूस सोलापूर जिल्ह्यात उजनी धरण आहे. तेथून मोठा विसर्ग सुरू झाला की अफजलपूर तालुक्यातील नदीकाठच्या गावांत पाणी शिरते आणि कमी उंचीचे पूल वाहतुकीस बंद होतात. ऑक्टोबर २०२० मधील भीमेच्या पुराने या तालुक्याची मोठी हानी केली. तेव्हा जुलै ते ऑक्टोबर या काळात निघण्यापूर्वी उजनीच्या विसर्गाची बातमी पाहावी. पुलाअभावी अडकून पडलेल्या प्रवाशाचा अंदाजखर्च दुसऱ्याच दिवशी कोलमडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ सर्वांत सुखाचा.

गाणगापूर : काय पाहावे

श्रीनृसिंहसरस्वती हे दत्तसंप्रदायातील दुसरे अवतार मानले जातात. कारंजा येथे जन्म, औदुंबर आणि नृसिंहवाडी येथील वास्तव्य आणि त्यानंतर सुमारे तेवीस वर्षे गाणगापूर, असा त्यांचा चरित्रक्रम परंपरेने सांगितला जातो. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रातील अनेक कथा याच गावी घडतात. औदुंबरच्या विमल पादुका, वाडीच्या मनोहर पादुका आणि गाणगापूरच्या निर्गुण पादुका अशी ही परंपरा आहे. श्रीशैलास प्रयाण करताना स्वामींनी निर्गुण पादुका भक्तांसाठी येथे ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. गावातील निर्गुण मठात एका लहान झरोक्यातून या पादुकांचे दर्शन घ्यावे लागते. झरोक्यापाशी प्रत्येकाला काही क्षणच मिळतात. म्हणून आधी बाहेर बसून मन स्थिर करावे आणि मग रांगेत उभे राहावे, असे जाणते सांगतात.

गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर भीमा आणि अमरजा या नद्यांचा संगम आहे. तेथील औदुंबरवृक्षाखाली गुरुचरित्राचे पारायण करणारे भाविक सदैव दिसतात. जवळच भस्माची टेकडी आहे आणि तेथील चिमूटभर भस्म हा या यात्रेचा बिनमोल प्रसाद मानला जातो. षट्कूळ, नृसिंह, भागीरथी, पापविनाशी, कोटी, रुद्रपाद, चक्र आणि मन्मथ ही अष्टतीर्थे याच परिसरात आहेत. सकाळी लवकर निघाल्यास संगमापर्यंत पायी जाणे सोपे आहे. वृद्धांसाठी माणशी भाडे घेणाऱ्या रिक्षा मिळतात. उत्तर कर्नाटकात त्यांना 'टमटम' म्हणतात. अष्टतीर्थांसाठी संपूर्ण रिक्षा करायची असेल तर एकटे न जाता दुसऱ्या एखाद्या कुटुंबास सोबत घ्यावे आणि भाडे, थांबे व लागणारा वेळ या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवाव्यात. नदीत पाणी असताना खोल जागी उतरू नये.

माधुकरी : फुकटचे जेवण नव्हे

दत्तमहाराज मध्यान्हकाळी गाणगापुरात भिक्षेस येतात, या श्रद्धेतून येथे माधुकरीची प्रथा टिकून आहे. मधमाशी प्रत्येक फुलातून थोडाच मध घेते, त्याप्रमाणे पाच घरी थोडी थोडी भिक्षा मागावी आणि तीच प्रसाद म्हणून ग्रहण करावी, असा हा नियम. येथे श्रीमंत माणूसही झोळी पसरतो. तो कोण, कुठला, काय करतो, हे देणारा विचारत नाही. भिक्षा मागणारा आणि घालणारा, दोघांमध्येही प्रत्यक्ष दत्त असू शकतो, ही त्यामागील भावना आहे. म्हणूनच दुपारी अनेक यात्रेकरू स्वतः भाकरी, भात किंवा खिचडी शिजवून इतरांना वाढताना दिसतात.

काटकसरीने फिरणाऱ्याने येथे एक विवेक बाळगणे आवश्यक आहे. माधुकरीत पोट भरते हे खरे, पण पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून तिचा वापर करणे प्रथेच्या मुळाशी विसंगत आहे. गाणगापुरात नवस किंवा व्याधीनिवारणाच्या आशेने सात, एकवीस किंवा अधिक दिवस सेवा करणारी माणसे राहतात. त्यांतील कित्येकांचा दिवस या भिक्षेवरच निघतो. अल्पकाळ आलेल्याने पाच घरची माधुकरी अवश्य मागावी, पण त्याच दिवशी आपल्या ऐपतीप्रमाणे इतरांच्या झोळीतही काही घालावे. अफजलपूरच्या बाजारातून आणलेली दोन किलो ज्वारी किंवा तांदूळ एवढेही त्यासाठी पुरेसे आहे.

निवास, पूजा आणि पावती

गाणगापुरात भक्तनिवास, धर्मशाळा, लॉज आणि पुजाऱ्यांच्या घरी उतरण्याची सोय असे निवासाचे प्रकार आहेत. पौर्णिमा, गुरुवार, दत्तजयंती आणि माघ वद्य प्रतिपदेचा गुरुप्रतिपदा उत्सव या दिवशी खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी दर चढे असतात. ज्यांना उत्सवच अनुभवायचा आहे त्यांची गोष्ट वेगळी. ज्यांना शांत दर्शन आणि स्वस्त खोली हवी, त्यांनी सोमवार ते बुधवार हे दिवस निवडावेत. खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गरम पाण्याचे, अधिक माणसांचे आणि सामान ठेवण्याचे वेगळे पैसे लागतात का, हेही आधीच विचारावे. पुजाऱ्याच्या घरी उतरताना निवास, भोजन आणि पूजा यांचा हिशेब एकत्र आहे की स्वतंत्र, हे स्पष्ट करून घ्यावे. संकोचापायी न विचारलेला प्रश्न निघण्याच्या दिवशी कटुतेस कारण होतो.

हे मंदिर कर्नाटक शासनाच्या धर्मादाय म्हणजेच मुजराई खात्याच्या अखत्यारीत आहे. देणगी व सेवा मंदिराच्या कार्यालयात अधिकृत पावती घेऊनच द्याव्यात. मोबाईलवर आलेल्या दुव्यावरून किंवा वाटेत भेटलेल्या व्यक्तीच्या सांगण्यावरून पैसे पाठवू नयेत. घरातील आजारपणाने गांजलेला माणूस अशा ठिकाणी 'आणखी एक पूजा' नाकारू शकत नाही आणि परतीचे भाडेही खर्च करून बसतो. त्यावर उपाय एकच. पूजेसाठी किती रक्कम द्यायची हे घरीच सर्वांनी मिळून ठरवावे आणि तेवढीच वेगळ्या पाकिटात ठेवावी. आजारपणासाठी सेवेला येणाऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेली औषधे प्रवासात आणि मुक्कामात खंडित होऊ देऊ नयेत.

शेवटचा टप्पा : कलबुर्गी शहर

गाणगापूरहून कलबुर्गीला बसने सहज जाता येते. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याची ही पहिली मोठी राजधानी. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी बिदरला हलली आणि त्याच शतकात श्रीनृसिंहसरस्वतींचे गाणगापूर पर्व घडले. गुरुचरित्रात स्फोटकाने पीडित यवन राजा स्वामींच्या दर्शनास येतो ती कथा वैदुरानगरीची म्हणजे बिदरची मानली जाते. पोथी वाचून आलेल्या भाविकाला म्हणूनच कलबुर्गीचा किल्ला परका वाटत नाही.

किल्ल्यातील जामा मशीद १३६७ ची. मशिदीच्या मध्यभागी सहसा उघडे अंगण असते, येथे मात्र सारी जागा लहान-मोठ्या घुमटांनी आच्छादलेली आहे. कमानींच्या रांगा पाहण्यासाठी सकाळचा उजेड उत्तम. शहराच्या पूर्व भागात बहमनी सुलतानांच्या कबरींचा 'हफ्त गुंबज' समूह आणि १४२२ मध्ये निवर्तलेले सूफी संत ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा आहे. दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक येतात. डोके झाकण्यासाठी रुमाल जवळ ठेवावा. शरणबसवेश्वर मंदिर हे शहराचे दुसरे श्रद्धास्थान. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दिवंगत झालेले हे लिंगायत संत 'दासोह' म्हणजे भुकेल्यास अन्न देण्याच्या व्रतासाठी स्मरले जातात. ही ठिकाणे शहरातच असल्याने बस आणि रिक्षा यांवर एका दिवसात पाहून होतात.

मान्यखेट म्हणजेच मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी आणि सन्नतीजवळील कनगनहळ्ळीचा बौद्ध स्तूप हीदेखील याच जिल्ह्यातील महत्त्वाची स्थळे. परंतु ती वेगवेगळ्या तालुक्यांत आहेत आणि चार दिवसांत त्यांना कोंबले तर भाड्याची मोटार करावी लागते. ती पुढील खेपेस ठेवावीत. परतीसाठी कलबुर्गीहून हुबळी व बेळगावकडे बसगाड्या मिळतात. रात्रीची बस घेतल्यास एका मुक्कामाचा खर्च वाचतो, मात्र आसन आदल्या दिवशीच राखून ठेवावे.

जेवण आणि बोली

भात-हुमणाची सवय असलेल्या गोमंतकीयास येथे ज्वारीची भाकरी भेटते. गावोगावच्या खानावळीत भाकरी, भरली वांगी म्हणजे एण्णेगायी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कलबुर्गीच्या तुरीचे वरण असे ताट मिळते. या जिल्ह्याच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन लाभले आहे. परतताना मिठाईच्या खोक्यांऐवजी दोन किलो डाळ घेणे अधिक उपयुक्त ठरते. 'खानावळ' हा शब्द येथेही चालतो, तेव्हा विचारताना अडचण येत नाही.

बसवरील पाट्या बहुधा कन्नड लिपीत असतात. निघण्यापूर्वी अफजलपूर, गाणगापूर, कलबुर्गी आणि विजयपूर ही चार नावे कन्नडमध्ये कागदावर लिहून घ्यावीत आणि पाटीशी ताडून पाहावीत. 'एष्टु' म्हणजे किती, 'एल्लि' म्हणजे कुठे, 'ऊटा' म्हणजे जेवण, 'नीरु' म्हणजे पाणी आणि 'बेडा' म्हणजे नको. दर समजण्यासाठी 'हत्तु' दहा, 'इप्पत्तु' वीस आणि 'नूरु' शंभर एवढे पुरेसे.

खर्चाची मांडणी

भाडी आणि खोल्यांचे दर सतत बदलतात, म्हणून ठरावीक आकड्यापेक्षा मांडणी महत्त्वाची. एकूण रकमेतून परतीचे भाडे आणि एका जादा मुक्कामाची रक्कम प्रथम बाजूला काढावी. तिला परतीच्या प्रवासाखेरीज हात लावू नये. उरलेल्या रकमेचे प्रवास, निवास, भोजन आणि पूजा-दान असे चार भाग करावेत. एका भागातील बचत दुसऱ्यात वळवता येते, पण पूजेचा भाग वाढवण्यासाठी औषधाचा किंवा जेवणाचा भाग कमी करू नये.

काटकसर आणि चिकटपणा यांतील रेषाही सांभाळावी. टमटमवाला, फुलवाली, खानावळ चालवणारी बाई यांचा संसार यात्रेकरूंवरच चालतो. दर आधी विचारावा, पटला नाही तर नम्रपणे नकार द्यावा, पण ठरल्यावर पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. गाणगापूरची माधुकरी आणि कलबुर्गीचा दासोह या दोन्ही परंपरांनी गरीब प्रवाशाला सन्मानाने जेवू घातले आहे. ती सोय पुढच्या प्रवाशासाठी टिकावी, एवढे भान ठेवून खर्च केला की थोड्या पैशांतला हा प्रवासही उणा वाटत नाही.